खंडेनवमीला पुजलेलं कार्ड

मंचर, २३ ऑक्टोबर १९९९

आदरणीय दाजींस, चांगदेवचा शिरसाष्टांग नमस्कार. दसऱ्याची आपट्याची दोन पानं पत्रात घातलीत. एक तुम्हाला, एक अक्काला, भांडू नका. पेठच्या तुमच्या शेतात बटाट्याच्या लागवडीला सऱ्या पाडून तयार आहेत, जाता-येता बघतो. इकडे सगळे खुशाल आहेत (कॉम्प्रेसर सोडून). तुमचं पित्त कसं आहे? वाढलं असेल तर पुढचं जेवण झाल्यावर वाचा.

झालं ते असं. गेल्या साली आमच्या बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तुम्ही नव्या कॉम्प्रेसरच्या मोटारीला तुमच्या भोसरीच्या कारखान्याचं पॅनेल बसवलंत, तेव्हा दार उघडून मला समजावलं होतंत, की हे थायरिस्टरचे काळे ठोकळे मोटारीचा एवढा करंट सोडतात-अडवतात, पण त्यांना स्वतःची अक्कल नाही. वरचं हिरवं कार्ड इशारा देईल तेव्हाच ते उघडतात. (तुमच्या घरीही तसंच आहे. अक्का इशारा देते तेव्हाच तुम्ही बोलता.) खंडेनवमीला आम्ही दरसाल मोटारीला हार घालतो, पान्यांना हळदकुंकू लावतो. यंदा म्हटलं, अरे, आपण इतकी वर्षं गड्याची पूजा करतोय आणि कारभारी तसाच कोरडा! म्हणून मेन स्विच पाडला (तेवढी अक्कल आहे), कार्ड ओल्या फडक्यानं पुसलं, एकेका चिपला बोटानं हळदकुंकू लावलं, आणि नारळ फोडून पाणी फुलानं शिंपडलं. लई नाही. अर्धी वाटी.

मग पॅनेल चालू केलं. एरवी मोटार सावकाश वेग घेते. या खेपेला ती जागच्या जागी गुरगुरली, थरथरली, आणि पॅनेलनं लाल दिवा लावून अंग काढून घेतलं. कार्ड तीनपैकी दोनच फेजना इशारा देत होतं, असं तुम्ही दिलेल्या पुस्तकावरून कळलं. आमचे मालक सावळारामशेठ पळत आले. "चांगद्या, काय केलंस रं?" मी म्हटलं, "शेठ, पूजेपलीकडं कशाला हात लावला न्हाई." हे अक्षरशः खरं आहे. त्यांनी पॅनेलला हात जोडले आणि मला सांगितलं, की लोकांच्या बियाण्याला मोड आले तर दिवाळीला तू इथं दिसायचा नाहीस.

आता जुना कॉम्प्रेसर एकटा राबतोय. चेंबर चार अंशांवरून आठवर गेलंय. लागवडीला गोण्या न्यायला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर मोड लांबले तर गोण्या रिकाम्या करताना तुटायचे, आणि अख्खा तालुका माझ्या दारात. राव, मला भीती वाटतेय. पण चेंबरमध्ये घाम येत नाही, एवढं बरं.

फोन शेठच्या टेबलावर आहे, म्हणून हे पत्र एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दिलंय. त्याला चहा पाजा. अक्काला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
चांगदेव

ता. क. : उद्याच नवं कार्ड घेऊन या, आणि शेठसमोर "माल कारखान्यातूनच खराब आला व्हता" एवढंच म्हणा. जुनं कार्ड तिथं कुणाला दाखवू नका. कुंकू मी दात घासायच्या ब्रशनं काढलंय, हळद निघत नाही.

ता. क. दुसरा : कारखान्याचं नाव खराब होईल म्हणून तुमचा जीव होत नसेल, तर तेही पटतं. जबरदस्ती नाही. फक्त कळावं म्हणून लिहितो, की माझ्या गोण्या मी थंड हवा सोडणाऱ्या कूलरखाली सरकवल्यात. तुमच्या चाळीस गोण्या, पाहुण्याचा माल म्हणून, मानानं दाराशी ठेवल्यात. त्यातल्या बटाट्यांचे डोळे फुटलेत.