ज्या हातानं वेस उघडली

प्रिय धाकट्या,

तुझा स्वार काल दुपारी येऊन गेला. राखाडी झुलीचा घोडा आपल्या गल्लीत शिरला, तशी दोन्ही बाजूंची दारं धडाधड लागली. निरोप एका ओळीचा होता. भिंगरी माझी आठवण काढते का? स्वार उंबऱ्यापाशी ताटकळत राहिला आणि मी कोपरापर्यंत रंगानं बरबटलेले हात घेऊन त्याच्याकडे बघत राहिले. तोंडी सांगून पाठवावं असं ते उत्तर नव्हतं. मग त्याला म्हटलं, परवा ये, लिहून ठेवते. आता लिहायला बसलेय, तर सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही.

बाबांची रंगशाळा चालू आहे. पिंपं तीच, ढवळायच्या काठ्या त्याच, मागच्या अंगणातल्या दोऱ्याही त्याच. पण लाल आणि केशरी कापड आता कुणी मागत नाही. तुझ्या त्या धुक्याच्या राजाला निशाणं हवीत, तीही फक्त राखाडी. त्या रंगाला कसब लागत नाही रे, उरलेसुरले सगळे रंग एका पिंपात ओतले की झाला. बाबा असते तर म्हणाले असते, हा रंग नव्हे, हे धुणं आहे. पोटासाठी करते. गल्लीतल्या बायका मला बघून थुंकायला तोंड फिरवतात आणि मग थांबतात. घरभेद्याची बहीण म्हणून थुंकायचं असतं, पण त्याच वेशीत नवरा गमावलेली बाई म्हणून थुंकवत नाही. एकाच बाईकडे दोन नजरांनी बघायचं कसं, हे त्यांना कळत नाही. आरशासमोर उभी राहिले की मलाही कळत नाही.

तुला खोटं बोलता यायचं नाही. लहानपणी लाल रंगाच्या पिंपात मांजर तूच टाकलीस आणि मांजर आपणहून पडली म्हणून सांगायला आलास, तेव्हा तुझे कान मांजरीपेक्षा लाल झाले होते. बाबा मारायचं सोडून हसत सुटले. असल्या पोराचं लढाईत काय होणार, अशी आईला धास्ती. आणि तूच पुढे वेशीचा किल्लेदार झालास. डोंगरराक्षस शिळा खांद्यावर घेऊन वेशीवर चालून आले, त्या वर्षी तू दाराला पाठ लावून उभा राहिलास आणि मागे सरला नाहीस. सगळं शहर तुला अडसर म्हणायला लागलं. बाजारात भाजीवाली मला विचारायची, अडसराची बहीण ना तू? आणि वर दोन मुठी भाजी जास्तीची टाकायची. मला तेव्हा केवढा तोरा होता म्हणून सांगू!

मग तुझ्या लेकीला, भिंगरीला ताप आला. तू सरहद्दीवर होतास. वैद्य झाले, काढे झाले, तुझी बायको आणि मी आळीपाळीनं ओल्या पट्ट्या ठेवत होतो. तू पोचलास तेव्हा तिला टेकडीवर मातीत ठेवून आम्ही परतही आलो होतो. तू रडला नाहीस. जेवलास, घोड्याला पाणी दाखवलंस, पहाऱ्यावर गेलास. लोक म्हणाले, काय छातीचा माणूस! पण मी तुझी ताई आहे. मला दिसत होतं की तू जेवताना घास मोजल्यासारखा उचलतोस, आणि कुठल्याही घरातून पोराचा आवाज आला की तुझं पाऊल अडतं. तेव्हाच तुला धरून बसवायला हवं होतं कुणीतरी. तुझ्या भावोजींना ते कळत होतं. ते म्हणायचे, याला एकट्याला सोडू नका, हा आतून पोखरलाय.

धुक्याच्या राजाचा माणूस तुला कुठे भेटला, ते मला माहीत नाही. काय बोलला, ते मात्र आता पोरासोरांनाही माहीत आहे. वेस उघड, पोर परत देतो. त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरच्या घराचं छप्पर दिसेना. तू रंगशाळेत आलास, उभ्याउभ्या पाणी प्यायलास आणि मला म्हणालास, ताई, आज तळघरातच थांब, ओल फार आहे. डोक्यावरचं शिरस्त्राण तू काढलं नाहीस. पाणी पितानाही नाही. तुझे कान मला दिसले असते तर? या एका प्रश्नानं माझा जीव नकोसा केलाय. पहारेकऱ्यांना तू काहीबाही सांगून दक्षिणेच्या तटाकडे पाठवलंस, त्यांत भावोजीही होते. सगळे गेले. ते मात्र अर्ध्या वाटेवरून परत फिरले. भिंगरी गेली त्या तिथीचा दिवस होता ना तो. बरोबरच्या शिपायाला म्हणाले, आजच्या दिवशी त्याला एकट्याला वेशीवर ठेवणं बरं नाही, मी त्याच्यापाशी बसतो. ते पोचले तेव्हा दार उघडं होतं आणि धुकं आत येत होतं. तुझ्याशी ते काही बोलले का, ते मी तुला कधीच विचारणार नाही.

राजानं शब्द पाळला, हे कबूल करायला हवं. शहर पडलं त्याच आठवड्यात भिंगरी दारात येऊन उभी राहिली. तोच परकर, तीच पुढच्या दातांतली फट. तू तोवर फौजेबरोबर पुढच्या शहराकडे निघून गेला होतास. तुझी बायको धावत बाहेर आली, तिनं पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, खूप वेळ बघितला आणि मग हात काढून घेतले. "ही माझी नव्हे," एवढंच म्हणाली. नदीपलीकडे निर्वासितांत गेली ती परत आली नाही. तिला दोष देऊ नकोस. नऊ महिने जिनं पोटात वाढवली, तिला आपलं पोर कळणार नाही का?

भिंगरी माझ्यापाशीच आहे. जेवत नाही. खेळत नाही. अंगणात कडक ऊन पडलं तरी तिची सावली पडत नाही. मी अंथरूण घालते, ती आडवी होते आणि छताकडे बघत राहते. डोळे मिटत नाहीत तिचे. तुझ्या फौजेतले ते मुके, मेलेल्यांतून उठवलेले, त्यांचंही असंच असतं म्हणतात. पण ते कधीच बोलत नाहीत. भिंगरी एकदा बोलली. मी तिचे केस विंचरत होते. मान न वळवता म्हणाली, "आत्या, मला झोप लागत नाही गं. मला झोपू दे ना." तू विचारलंस ना, माझी आठवण काढते का? नाही रे बाळा. तिला तू आठवत नाहीस, मी आठवते की नुसती हाक मारली, देव जाणे. तिला झोपायचंय, बाकी काही नको.

तुझे भावोजीही इथेच आहेत. धुक्यात जो मेला, तो राजाचा शिपाई झाला. ते आपल्याच वेशीवर भाला धरून उभे असतात. निशाणं पोचवायला मला तिथूनच जावं लागतं. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभी राहून बोलत सुटले, अगदी वेड्यासारखी, पाणी कधी येतं, छप्पर कुठे गळतं, सगळं सांगितलं. त्यांच्या नजरेत काही हललं नाही. आता खाली मान घालून जाते. ज्या माणसानं उभ्या जन्मात माझ्यावर आवाज चढवला नाही, त्याचं निर्जीव तोंड रोज बघायचं, ही शिक्षा मला कशासाठी रे?

आता पत्राचं कारण सांगते. गेल्या महिन्यात पलीकडच्या बंदरातून पळून आलेली एक मीठवाली रंगशाळेत आसऱ्याला होती. त्यांचंही शहर असंच पडलं होतं, तिथेही कुणा घरच्यानंच दार उघडलं होतं. तो माणूस एका सकाळी घोड्यावरून पडून मेला, आणि त्याच क्षणी तिथले सगळे मुके जागच्या जागी खाली बसले, आडवे झाले आणि पुन्हा उठले नाहीत. ज्या हातानं वेस उघडली, त्या हाताशी ते बांधलेले असतात. तुझ्या तंबूभोवती पहाऱ्याचं कडं असतं, तुझं पाणीसुद्धा आधी दुसरा चाखतो, तो मान नाही रे, ही राखण आहे. ही गोष्ट मी नगारेवाल्या काकांना सांगितली. वेशीवरचे जे थोडे वाचले, ते त्यांच्याभोवती जमतात. त्यांनी मला सांगितलं, पोर आजारी आहे, लगेच ये, असं लिही, बाकीचं आम्ही बघतो. मी म्हटलं, आमच्या घरात दगा एकदाच झाला, दुसऱ्यांदा माझ्या हातून होणार नाही. लिहीन ते खरं लिहीन. ते खूप चिडले, पण शेवटी म्हणाले, लिही. तर ऐक. भिंगरी आजारी नाही. नदीच्या जुन्या पुलावर ते लोक थांबणार आहेत. तू राजाला हे पत्र दाखवलंस तर आम्ही सगळे संपलो, तेही तुझ्याच हातात आहे. पण मुलीला भेटायला म्हणून सुट्टी मागितलीस तर तो देईल, पहाराही थोडाच देईल, कारण बापाला पोरीची ओढ असते एवढं त्यालाही कळतं, त्यानं त्यावरच तर तुला विकत घेतलं. ये. मी तुला वाचवू शकत नाही आणि वाचवणारही नाही. पण पुलावर मी असेन, भिंगरीला घेऊन. तू पडलास की तुझं डोकं दगडावर राहणार नाही, माझ्या मांडीवर असेल. बाळा, येताना चिलखत घालू नकोस.

वाट बघणारी,
तुझीच
ताई