अकरा अब्ज अकरा कोटींचा वारस

मी, जयवंत सखाराम पेडणेकर, वय ७४, निवृत्त गणित शिक्षक, मूळचा कणकवलीचा, राहणार नरोली रस्ता, सिल्वासा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. सकाळीच सतराचा पाढा म्हणून खात्री केली. मरायची घाई नाही.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी पत्नी मालती हिला. तिच्या पश्चात सर्व मुलगी सायली हिला. फळ्यावरचा लाकडी कंपास आणि गुण्या शेजारच्या मंजुषाबाईंच्या शिकवणीला द्यावा, पण गुण्याने नारळ फोडू नये. एकदा फोडलेला आहे.

२. माझे मित्र कल्पेशभाई, चित्रकला शिक्षक, यांना काहीही नाही. म्हणूनच ते साक्षीदार चालतात. २०११ साली माझ्या निरोप समारंभात सगळ्यांनी शाल-श्रीफळ दिलं, यांनी फळ्यावर ओळीने अकरा वेळा एक लिहिला आणि म्हणाले, "सर, आता टाइमपास तर पाहिजे ना! याला भाग कशाने जातो, बोलो."

३. ती संख्या ११,११,११,११,१११, म्हणजे अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. अकराने भाग जाणारच असं प्रत्येकाला वाटतं. बाकी एक उरते. तीनने जात नाही, सातने जात नाही. मग आम्ही नवरा-बायको एकेक मूळ संख्या घेऊन बसलो. आठवड्यातून तीन संध्याकाळी, चहानंतर, एक भागाकार. मी भागतो, मालती गुणून ताळा करते आणि माझ्या चुका शोधून खूश होते. सध्या १९,००१ वर आहोत. बाकी १०,३४७. हल्ली तिने रविवार बंद केला आहे, कारण सांगत नाही.

मी आधी गेलो तर ही संख्या मालतीची. सायलीने फोनवरून भागाकार करावा, ताळा आईने. जावई अभिजीत यांना माझी मोटरसायकल, मात्र एका अटीवर. त्यांचा कॉम्प्युटर उत्तर क्षणात देतो म्हणे. ते त्यांनी मालतीला सांगू नये. सांगितलं तर खेळ संपला. मग चहानंतर ती एकटी काय करणार?

हे कलम मालतीला वाचून दाखवलं. ती हसली.

"अहो, मी अभिजीतला कधीच विचारलंय. भाग जातो."

"कशाने?"

"ते नाही सांगायची. पण फार लांब नाही राहिलेला. म्हणून तर रविवार बंद केला."

सबब कलम ३ मध्ये दुरुस्ती: यापुढे बुधवारही बंद.

सही: जयवंत स. पेडणेकर
साक्षीदार: १. कल्पेश पटेल २. लखन पाटील (वरचे भाडेकरू)
सिल्वासा, ता. ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, चहानंतर