लायका नाव कोरलेल्या झोर्की कॅमेऱ्याची व इतर चीजवस्तूंची व्यवस्था

मी, खाली सही करणार श्रीमती नलिनी बाळ कांदळकर, वय वर्षे पंचाहत्तर, पूर्वीचा व्यवसाय फोटो रिटचिंग, हल्ली काही नाही, राहणार मुलुंड (पूर्व), मुंबई, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तरी उपयोग झाला नसता, हे मला ओळखणारे शपथेवर सांगतील. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती बाळ धाकू कांदळकर २०१२ साली वारले. मुलुंड स्टेशनजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे ते फोटो काढत आणि मागच्या खोलीत मी निगेटिव्हवर पेन्सिल चालवून गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे डाग घालवत असे. आम्हाला एकच मुलगी, अक्षता, ती बोरिवलीला दिली आहे. ह्यांचे धाकटे भाऊ राजेश नाहूरला राहतात. त्यांची मुलगी दीप्ती.

२. राहता फ्लॅट अक्षताला द्यावा. जावयांनी स्वयंपाकघराची भिंत पाडून हॉल मोठा करण्याचा बेत माझ्यासमोरच बोलून दाखवला आहे. खुशाल पाडावी. मी बघायला नसेन.

३. बँकेतली व पोस्टातली शिल्लक आणि माझ्या पाटल्या अक्षताच्याच. पुरणयंत्र शेजारच्या मीरा यांना देते. बऱ्याच होळ्यांपासून ते त्यांच्याकडेच आहे, ते आता रीतसर त्यांचे झाले. सोसायटीचे सेक्रेटरी खंडूशेठ यांना काही नाही. स्टुडिओ बंद केला तेव्हा डार्करूमचे सामान चार दिवस गच्चीत ठेवू द्या म्हटले, तर त्यांनी नियम दाखवला. त्याच गच्चीत त्यांचे स्वतःचे कपाट आजही आहे.

४. आता कॅमेरा. बाकीचे कॅमेरे स्टुडिओबरोबर गेले. हा एक ह्यांनी जपून ठेवला होता आणि घरात त्याला सगळे लायका, म्हणजे जर्मन बनावटीचा भारी कॅमेरा, म्हणत. मीही कच्च्या मसुद्यात तसेच लिहिले. पण श्वेता वकीलबाई म्हणाल्या, "काकू, नुसतं लायका लिहून चालत नाही. मॉडेल कोणतं, ते नीट लिहा. उद्या कोणी म्हणालं हा तो नव्हेच, तर?"

हा तो नव्हेच असे म्हणणारा एकजण आमच्या घरात आधीच होऊन गेला होता.

१९९१ सालच्या खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे अवजारांची पूजा मांडली होती. पाटावर कॅमेरे, फ्लॅश, माझी रिटचिंगची पेन्सिलसुद्धा, आणि मधोमध झेंडूचे फूल वाहिलेला लायका. पुजलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, त्याला विश्रांती असते. राजेशभाऊजी तेव्हा सांताक्रूझला कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. घर पाहुण्यांनी भरलेले असताना त्यांनी तो पाटावरून उचलला, लेन्स फिरवून काढली, आत डोकावले आणि म्हणाले, "दादा, ह्यो लायका नाय. रशियन झोर्की असा. कोणीतरी वर नाव कोरलेला असा."

ह्यांनी तो त्यांच्या हातातून घेतला. लेन्स परत बसवली, फूल परत ठेवले आणि "जेवून जा" एवढेच म्हणाले. भाऊजी जेवले नाहीत.

त्यानंतर भाऊ भावाच्या घरी गेला नाही. मुलुंड सोडले की नाहूरच लागते, पण तेवढे अंतर कोणाच्याने कापवले नाही. दीप्तीच्या बारशाला आम्ही गेलो नाही, त्यामुळे कॅमेऱ्यावर पोट असलेल्या घराण्यात त्या मुलीच्या बारशाचा एकही फोटो नाही. ह्यांना अग्नी दिला तेव्हा भाऊजी लांब उभे होते आणि चहाला न थांबता गेले. या बाबतीत माझे मत असे की भाऊजी खरे बोलले असतील, पण खरे बोलायला सगळे वर्ष पडले होते. आणि ह्यांना रुसायचेच होते तर एक दिवाळी पुरली असती.

वकीलबाईंच्या सांगण्यावरून अक्षताने फोनवर शोधाशोध केली. वरच्या नावावर किंवा नंबरावर विश्वास ठेवू नये, कोरणारा काहीही कोरतो, असे तिला कळले. लेन्स काढून आत पाहावे. आत अंतर जुळवणारा एक बारीक दांडा असतो. लेन्स फिरवली की तो हलतो आणि खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर येऊन बसतात. लायकात या दांड्याच्या टोकाला वाटोळे चाक असते, रशियन कॅमेऱ्यात चपटी पाचर. मी टॉर्च घेऊन पाहिले. पाचर होती.

त्याआधी लेन्स निघता निघेना. ह्यांना कॅमेरे उघडून पुसायची भारी हौस, पण ही लेन्स त्या खंडेनवमीनंतर त्यांनी काढलेलीच नसावी, इतकी ती घट्ट बसली होती. ज्याला खात्री असते तो दहादा उघडून दाखवतो. तेव्हा ह्यांना ठाऊक होते, असे मी समजते. त्या दिवशी मला ह्यांचा फार राग आला. मग रडू आले.

पाचर म्हणजे रशियन, एवढे ठरले. पण रशियनातही फेड आणि झोर्की अशा दोन जाती एका साच्यातून काढल्यासारखे दिसतात, ते मला वेगळे सांगता येईनात. म्हणून मी राजेशभाऊजींना फोन केला. म्हटले, "भाऊजी, मृत्युपत्र करत्येय. कॅमेऱ्याची ओळख पटवायला या."

ते आले. डोक्याचे केस सगळे गेलेत. त्यांनी वरच्या पत्र्यावर टॉर्च तिरपा धरला आणि कोरलेल्या नावाखाली घासून बुजवलेल्या अक्षरांचा माग मला दाखवला. पहिले अक्षर आपल्या तीनच्या आकड्यासारखे होते, रशियन लिपीत तो झ. "झोर्कीच," ते म्हणाले. मला वाटले, आता विजयी मुद्रा करतील. त्यांनी लेन्स बसवली, कॅमेरा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, कागदार लायकाच लिवा. दादान तेका लायकाच म्हटल्यान."

मी म्हटले, "भाऊजी, दादाचं मन राखायचं तर तो असताना यायचं होतं. मी खोट्यावर सही करणार नाही."

त्यांनी कॅमेरा कव्हरात घातला. या वेळी चहाला मात्र थांबले.

सबब, वरच्या पत्र्यावर लायका असे नाव कोरलेला रशियन बनावटीचा झोर्की कॅमेरा, लेन्स व चामडी कव्हरसह, मी राजेशभाऊजींना देणार होते. परंतु साक्षीदार म्हणूनही मी त्यांनाच धरले होते, आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असा वकीलबाईंचा सल्ला पडला. दोन्हींपैकी एक निवडा म्हटल्यावर भाऊजी म्हणाले, "माका कॅमेरो नको. दादाच्या घरच्या कागदार माजी सही ऱ्हवांदे." म्हणून सदर कॅमेरा दीप्तीला द्यावा, जिचा त्याने कधी फोटो काढला नाही. फिल्म खालून भरावी लागते, आणि भरण्यापूर्वी तिचे टोक कात्रीने लांब कापून घ्यावे, नाहीतर आत तुकडा अडकून कॅमेऱ्याची वाट लागेल. दर खंडेनवमीला तो पाटावर ठेवावा. यंदाची पूजा मी करीन, पुढच्या तिने कराव्यात. त्या दिवशी लेन्स काढू नये. इतर दिवशी कोणी मागेल त्याला खुशाल काढून दाखवावी.

५. लोकांच्या लग्नामुंजींच्या निगेटिव्ह कपाटाच्या खालच्या खणात आहेत. ज्यांचे नाव-पत्ते सापडतील त्यांना द्याव्यात. त्यातल्या काही जोडप्यांचे पुढे पटले नाही. त्यांना आधी विचारावे.

६. माझे दिवस घालताना फार माणसे जमवू नयेत. भिंतीवर लावायचा फोटो रिटच करू नये. हनुवटीवरचा चामखीळ माझा आहे, तो राहू द्यावा.

७. खाडाखोडीबाबत. कलम ४ मध्ये "रशियन बनावटीचा" या शब्दांच्या आधी मी "नकली" असा शब्द लिहिला होता. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, तरी राजेशभाऊजींनी तेवढे कलम मागून घेतले, चष्मा लावून वाचले आणि त्या शब्दावर बोट ठेवले. म्हणाले, "वहिनी, ह्यो शब्द काढा. नाव खोटा असा. झोर्की नकली नाय, खरोच झोर्की असा तो. दादान तेच्यार इतकी वर्सा लोकांची लग्ना काढल्यान." हे त्यांनी त्या खंडेनवमीला म्हटले असते तर बरे झाले असते. सबब "नकली" हा शब्द मी स्वतःच्या हाताने खोडला आहे. दुरुस्ती मला मान्य आहे.

ठिकाण : मुलुंड (पूर्व), मुंबई
दिनांक : २७ सप्टेंबर २०२५

(सही) नलिनी बाळ कांदळकर

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार :
(सही) डॉ. रश्मी नाबर, फॅमिली डॉक्टर, मुलुंड (पूर्व)
(सही) राजेश धाकू कांदळकर, राहणार नाहूर, कै. बाळ यांचा भाऊ