गेरूखालची नागीण

पांढरकवडा, शुक्रवार

प्रिय बापूजी,

आपल्या शाळेत गुरुजी टेबलावर छडीनं ठेका धरायचे आणि सारा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. तो आवाज आज सकाळी कानात घुमला, म्हणून लिहायला बसलो. अब्दुल गनीचा सलाम घे. तुझे गुडघे काय म्हणतात? राळेगावला कापूस फुटला असेल. (खिडकीतून शेत दिसलं की तू ओळ विसरायचास आणि हसलो म्हणून छडी मी खायचो.)

मी बरा आहे असं लिहायचा रिवाज आहे, पण मले नागीण झाली. उजव्या बरगडीवर, मोत्यांच्या सरीसारखी. दिसायला कवितेत शोभेल, झोंबते मात्र तिखटासारखी. डॉक्टर म्हणाले, हा कांजिण्यांचाच विषाणू, म्हातारपणी पुन्हा जागा झालेला. गोळ्या वेळेवर घ्या, फोड स्वच्छ कापडानं झाका, आणि खपल्या धरेपर्यंत गरोदर बाईला जवळ येऊ देऊ नका. इथंच माझा जीव अडकला. आमची नसरीन पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची आहे. पाळणा माळ्यावरून उतरवून ठेवला आहे.

गोळ्या घेतल्याच. पण एका उपचारावर सुटू देईल तो शेजार कसला? तुझी बहीण विमलताई (भिंतीला भिंत लागून असल्यानं माझ्या बरगड्यांवर तिचा हक्कच) गेरू कालवून आली. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला, म्हणून तिनं दोन्ही टोकांना लेप देऊन रस्ता बंद केला. माझ्या मेहुण्यानं, हुस्नाबीच्या भावानं, वरून दुवा पुटपुटून फुंकर घातली. येणारा प्रत्येक जण माझा सदरा वर करतो, लांबीचा अंदाज घेतो आणि मान हलवून चहा पितो. जणू मी विकायला काढलेला प्लॉट आहे. झाकायचं कापड तेवढं खुंटीवर कोरं राहिलं.

काल डॉक्टरांकडं गेलतो. खपल्या धरल्या का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाले, "काका, ही भिंत कोणी रंगवली? मले फोडच दिसत नाही." गेरू निघेपर्यंत नसरीनला परवानगी नाही.

तुझाच,
अब्दुल गनी

ता.क. खरं काम हे. काहीतरी निमित्त काढून विमलताईला राळेगावला बोलावून घे. ती रोज नवा लेप चढवते, आणि तिला नको म्हणायची छाती ना माझी, ना हुस्नाबीची.

पुन्हा ता.क. एवढं लिहिलं आणि कडी वाजली. विमलताई समजून मी सवयीनं सदरा वर करूनच दार उघडलं. समोर नसरीन, हातात बॅग. मी मागं सरून म्हटलं, आत येऊ नको. ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "लहानपणी मारेगावला मावशीकडं होती तेव्हाच मले कांजिण्या निघालत्या, अब्बा. डॉक्टरीणबाईनं रक्तही तपासलं, तुले आता धोका नाही, जा म्हणाली. तुम्ही साऱ्यांनी नागीणच पाहिली, मले कोणी विचारलंच नाही." मग माझ्या बरगडीकडं पाहून पोट धरून हसत सुटली. हुस्नाबीनं मले न्हाणीत पिटाळलं आहे, कापडही काढून ठेवलं आहे. तर बापूजी, विमलताईला बोलावू नकोस. बाळाला न्हाऊमाखू घालायला तीच लागेल. गेरू तेवढा तू मागवून घे.