दहापैकी चार

रविवार, ९ मार्च

ती. दादास,

नमस्कार. गुडघा कसा आहे? लाँड्रीत दिवसभर उभं राहू नका असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तू ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असणार. इथे प्रयोगशाळेत माणसं कमी आणि नमुने जास्त. घरी पोचते तेव्हा बोलायलाही जीव उरत नाही.

वहिनीचा फोन मी दोनदा उचलला नाही. मीटिंगमध्ये होते असं कळवलं. नव्हते.

बबडीला आमच्या प्रयोगशाळेचं नकाराचं पत्र मिळालं असेल. आत्या प्रमुख असून लेकीचं काम झालं नाही, असं वहिनी म्हणत असेल, आणि 'नियम असतात' म्हणून तू तिला गप्प करत असशील. नियम आहेतच. नातं सांगून मी मुलाखतीतून बाजूला व्हायला हवं होतं. पण तिच्या अर्जावर तुझं काम स्वच्छ लिहिलेलं होतं. नातं सांगितलं असतं तर इस्पितळाच्या चादरी धुणारं आपलं घर सगळ्यांना कळलं असतं. वीस वर्षं इथे कुणाला ते ठाऊक नाही. ओळख दाखवू नकोस, असं मीच पोरीला बजावलं होतं.

उत्तरं तिने चोख दिली. मग चहा आला. चहावाल्या मावशी ट्रे घेऊन आत आल्या तशी ती पटकन उठली, त्यांच्या हातातला ट्रे घेतला, आम्हा तिघांना कप दिले आणि मग बसली. कुणी ओझं घेऊन आलं की आपल्या घरी कोणी बसून राहत नाही, बाबांची ती शिस्तच. मुलाखतीला बसलेले आमचे मोठे साहेब हसले. म्हणाले, "हुशार आहे, पण हिच्या घरात कुणी ऑफिस पाहिलेलं दिसत नाही." मीही हसले, दादा.

'वागण्यातली सफाई' हा रकाना माझ्याकडे होता. दहापैकी चार दिले. पाच दिले असते तरी ती नोकरीला लागली असती.

पहिल्या महिन्यात मीही असाच ट्रे घेतला होता. लोक हसले, आणि त्या दिवसापासून मी बसून राहायला शिकले. तू दहावी सोडून बाबांच्या जागी लागलास म्हणून मला कॉलेज मिळालं, आणि मी त्याचं हे केलं. लाज वाटते. दमलेही आहे रे, लपवून लपवून.

उद्या साहेबांना नातं सांगणार आहे. निवड पुन्हा करा, असं लेखी देणार आहे. माझं काय व्हायचं ते होवो. तिला जागा मिळेलच असं नाही, खोटी आशा लावत नाही.

चष्मा लावूनही तुला माझं अक्षर लागत नाही, पत्र बबडीच वाचून दाखवते, हे ठाऊक असूनच सगळं लिहिलं आहे. मध्ये कुठे ती थांबली असेल तर तिला पाणी दे. आणि चार गुण कुणी दिले, ते गाळलं असेल तर परत वाचायला लाव.

तुझी धाकटी बहीण.
तिची आत्या राहिले की नाही, ते तिनेच ठरवावं.