जानकी काजू उद्योग आणि सून

मी, जानकी सहदेव परब, वय चौसष्ट, राहणार टेंभीपाडा, भांडुप, पूर्ण शुद्धीत, नुकताच चहा घेऊन, कोणी हात न धरता हे लिहिते. शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घ वकीलसाहेबांनी खुशाल सुधारावेत, शब्दांना हात लावू नये. मला दुखतखुपत काही नाही. धंदा झकास चाललाय म्हणून लिहिते. बुडाला असता तर भांडायला कोण येणार होतं?

१. भांडुपची खोली माझा एकुलता एक मुलगा श्यामसुंदर याला. देव्हाऱ्यासकट.

२. तराजू शेजारीण रत्नप्रभा हिला. तो माझ्या बाजूला झुकतो असं ती चाळभर सांगते. आता तिच्या बाजूला झुकू दे.

३. कुडाळजवळच्या आमच्या वाडीतला काजूचा कारखाना, माझ्या स्वकष्टाचा, शेड, भट्टी आणि फोडायच्या यंत्रांसह, सून उत्तरा हिला एकटीला.

कारण असं. ह्यांची गिरणी बंद पडली तेव्हा मी दारोदार काजू विकत होते. उत्तरा म्हणाली, "आई, बिया आपल्या गावच्या, भाजतो भलताच. आपणच भाजूया ना!" श्यामसुंदर हसला, "गावात कारखाना? अगं, माणसं तिथून इथे येतात!" ती एकटी गावी गेली. पहिल्या वर्षी काजूच्या चिकाने हात काळे पडून सोलले, तर मला म्हणते, मेंदी काढली. आज वाडीतल्या बायका तिथे कामाला आहेत. आमचं बघून खालच्या वाडीत कोकमाचं आगळ बाटलीत भरतात, वरच्या वाडीत आंब्याच्या पेट्या ठोकतात. पूर्वी मी गावाला मनिऑर्डर धाडायची. आता गावच्या बायका मलाच विचारतात, "काकी, मुंबयत भागता मां तुमचा?"

आणि श्यामसुंदर म्हणतो, शेड विकू, मुलुंडला गाळा घेऊ. म्हणजे त्या बायकांची वाट लागली. म्हणून हे कलम. त्याला कारखान्यात काम हवं असल्यास उत्तराकडे अर्ज करावा.

४. बोर्ड. श्यामसुंदरने नंदू पेंटरला पानाच्या टपरीवर तोंडी सांगितलं, "जानकी काजू उद्योग आणि सन्स." नंदूने रंगवून आणलं, "आणि सून."

"अरे सन्स! सन्स म्हणजे मुलगे!"

"पण तू तर एकटाच ना रे? मला वाटलं, वहिनीचं म्हणतोयस."

मी पदर तोंडात कोंबून हसले. श्यामसुंदरने दुसरा बोर्ड करवून गावी लावला. नंदूचा मी टाकला नाही, त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. आता कारखान्यावर तोच लागेल. 'सन्स'वाला उतरवून श्यामसुंदरला द्यावा, त्याच्या खाटेची एक फळी कधीची मोडली आहे.

५. वकीलसाहेब म्हणतात, हे सगळं मी गेल्यावर करायचं. कारखान्याचं ठीक आहे, थांबेल. बोर्ड मात्र आज सकाळीच उत्तराबरोबर एसटीच्या टपावर चढवला. मलापण बघायला नको? श्यामसुंदर, माझ्यामागे तो उतरवशील म्हणून हा कागद केला. रागावू नको बाबा. तुझी बायको आहे, परकी नाही.

साक्षीदारांना काही ठेवलेलं नाही, चहा दिला आहे.

सही: जानकी सहदेव परब
भांडुप, ता. १२ मार्च १९८७

साक्षीदार:
१. माणिक धोंडिराम तांबे, शेजारी
२. नंदू पेंटर (बोर्डावरचं अक्षर माझं, चूक माझी नाही)