पुराचा मेल उघडेना

बुधवार, १५ जुलै. संध्याकाळ.

मध्यंतरी चंद्राकडे निघालेल्या यानात अंतराळवीराचा ईमेलच उघडेना, ही बातमी वाचून आम्ही ऑफिसात किती हसलो होतो! त्यांना निदान मदत मागायला खाली जमिनीवर माणसं होती. आज महाडच्या पूर नियंत्रण कक्षात मी एकटीच, आणि माझाही ईमेल अडकला. पडद्यावर नुसतं ते चक्र फिरत राहिलं. सावित्री नदीची पातळी पोलादपूरहून येणाऱ्या मेलमधूनच कळते. मी वाट का बघत बसले?

शेवटी नदीच्या वरच्या अंगाला, पोलादपूरच्या कार्यालयात फोन लावला. तिथला लिपिक म्हणाला, "मॅडम, मेल पाठवून अर्धा तास झाला. पाणी भराभर वाढतंय!"

अर्धा तास मी चक्र बघत होते. लगेच नदीकाठच्या तुडील गावच्या पोलीस पाटलांना फोन केला. ते म्हणाले, "पानी खालच्या वाडीत शिरलाय. मानसा आमी कवाच वर नेली."

सगळे सुखरूप आहेत, हे ऐकून मला रडूच आलं. फोन ठेवताना पाटील म्हणाले, "उजेड व्हता म्हनून पानी दिसला. रातचा आला असता तर?"

उद्यापासून माझी रात्रपाळी आहे.